लाकूड मात्र माझं नव्हतं

मी एक जुनी लष्करी कार्बाइन आहे, मित्रांनो. कार्बाइन म्हणजे रायफलची धाकटी बहीण. उंचीनं बुटकी, वजनानं हलकी. बंदुकीनं मुलांना आपली कहाणी सांगावी का, असं तुमच्या घरचे विचारतील. त्यांना सांगा, या कहाणीत एकही गोळी सुटत नाही. तरीसुद्धा हिच्यात एक माणूस दोनदा हरवतो.

माझा जन्म टाइपरायटर बनवणाऱ्या कारखान्यात झाला. महायुद्ध सुरू होतं, टाइपरायटर बंद पडले होते आणि त्याच यंत्रांवर आमचे भाग कापले जात. कारखान्याचं एक बारीकसं अक्षर आमच्या जवळपास प्रत्येक भागावर ठोकलेलं असे. माझ्या लोखंडी अंगावर मात्र अक्षराबरोबर एक नंबरही ठोकला. सरकारच्या लेखी मी म्हणजे तो नंबर. बाकीची नळी, चाप, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, हे सगळं बदललं तरी मी मीच राहते, असा कायदा आहे. कायद्याला काय जातं बोलायला!

मी लढाई पाहिलीच नाही. एका बंदरावरच्या गोदामात पहारेकऱ्यांच्या खांद्यावर माझं तारुण्य गेलं. पुढे कोरियाचं युद्ध होऊन गेल्यावर आम्हा हजारोजणींना दुरुस्तीच्या कारखान्यात नेऊन सुटं केलं. नळ्या एका पेटीत, चाप दुसऱ्या पेटीत, दस्ते तिसऱ्या पेटीत. मग हाताला लागेल ते उचलून पुन्हा जोडलं. नशिबानं माझे बहुतेक भाग माझ्याच कारखान्याच्या अक्षराचे आले. लाकूड मात्र माझं नव्हतं. ते कोरियाला जाऊन आलं होतं आणि त्याच्या एका बाजूला चाकूनं काहीतरी कोरलेलं होतं.

एकोणीसशे त्रेसष्ट साली सरकारनं जुन्या कार्बाइन वीस-वीस डॉलरला विकायला काढल्या. पेनसिल्व्हेनियातल्या एका कोळसा खाणीच्या वसाहतीत राहणाऱ्या एमिल हुडाकनं पैसे पाठवले आणि मी रेल्वेनं त्याच्या घरी आले. त्यानं स्वयंपाकघरात पेटी फोडली, मला उचललं आणि खिडकीपाशी उजेडात धरलं. लाकडावर एक क्रूस होता.

हुडाक लोकांच्या चर्चमधल्या क्रुसाला तीन आडव्या पट्ट्या असतात. सगळ्यात खालची, येशूच्या पायाखालची फळी तिरपी असते. आपल्या डावीकडचं टोक वर, उजवीकडचं खाली. एमिलचा मोठा भाऊ युरको लहानपणापासून ती उलटीच काढायचा. घसरगाडीवर काढली तरी उलटी, कोंबड्यांच्या खुराड्यावर काढली तरी उलटी. आई कान पिळायची आणि म्हणायची, “देवाला पाडशील एक दिवस, मेल्या.”

युरको कोरियाला गेला. तिथून त्याचं शेवटचं पत्र धाकट्या भावाला आलं. ‘माझ्या बंदुकीवर आपला क्रूस कोरला. पुन्हा उलटाच झाला. आईला सांगू नकोस.’ त्याच थंडीत तो बेपत्ता झाला. त्याचं प्रेत आलं नाही, बूट आला नाही, काहीच आलं नाही. त्याची बंदूक तो हरवण्याआधीच दुरुस्तीला गेली होती की कोणाशी अदलाबदल झाली होती, देव जाणे. माझ्या अंगावर आलेलं लाकूड त्याचंच, की त्याच्यासारख्या दुसऱ्या एखाद्या वेंधळ्याचं? मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एमिलला शंका नव्हती.

आईला दाखवावं, असं त्याच्या मनात आलंच असणार. पण म्हातारी अजून जेवणाच्या टेबलावर युरकोची बशी मांडत होती. मुलाशिवाय त्याची बंदूक दारात आलेली पाहिली असती, तर तिनं ती बशी उचलून ठेवली असती. म्हणून तो गप्प बसला. आई गेली, तोवर गप्प बसायची सवय लागली होती. बायकोला तेवढं सांगितलं आणि तीही पुढे गेली. खाणीत तोंड उघडलं की धूळ आत जाते, असं तो म्हणायचा आणि खाण बंद पडल्यावरही त्यानं ते उघडलं नाही.

माझ्यात त्यानं कधी गोळी घातली नाही. दर रविवारी चर्चमधून आला की मला भिंतीवरून उतरवायचा, लोखंडाला तेलाचं फडकं लावायचा आणि मग त्या क्रुसावर अंगठा ठेवून हळूहळू बोलत बसायचा. युरको, तुझ्या शाळेची इमारत पाडली रे. युरको, मला मुलगा झाला. मित्रांनो, मला फार लाज वाटायची. त्याच्या भावाचा हात माझ्या लोखंडाला कधी लागलाच नव्हता. दुसऱ्याच्या नावानं आलेलं प्रेम मी साठ वर्षं फुकट खाल्लं.

त्याचा मुलगा डॅरिल. मुलगा कसला, आता तोही साठीचा. निवृत्त झाल्यावर त्याला जुन्या लष्करी बंदुकांचा नाद लागला. जाडजूड पुस्तकं, खिशात भिंग आणि तोंडात एकच शब्द, ‘बरोबर’. त्या लोकांच्या बोलीत हा शब्द फार मोठा आहे. कारखान्यातून निघताना जशी होती तशीच, भागन् भाग त्याच अक्षराचा, अशी बंदूक म्हणजे ‘बरोबर’ बंदूक. मधल्या वर्षांत तिचं काही झालं असेल, तर तो दोष.

वडिलांच्या एक्याण्णवाव्या वाढदिवसाच्या दोन आठवडे आधी डॅरिलनं तेल द्यायचं निमित्त करून मला नेलं. एमिलला तोवर सावल्यांपलीकडे दिसत नव्हतं. फायर हॉलमध्ये, म्हणजे गावच्या आगबंबवाल्यांच्या सभागृहात, बंदुकांची जत्रा भरली होती. एका बाजूला बायका कोबी आणि शेवयांची हालुश्की वाढत होत्या आणि दुसऱ्या बाजूला वेंडेल प्रेगर टेबल मांडून बसला होता. पारख करण्यात त्या भागात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यानं मला सुटं केलं, एकेका भागावर भिंग धरलं आणि मान डोलावत गेला. नळी बरोबर. चाप बरोबर. मलाही, खोटं कशाला बोलू, जरा फुशारकी वाटली. मग तो लाकडापाशी आला.

“डॅरिल, ही तुझी बया अगदी खानदानी आहे,” तो म्हणाला. “पण दस्ता कोणाचा घातलाय हिला? आणि हे काय, कुत्र्यानं चघळलाय की काय?”

“घरी आली तेव्हापासून असाच आहे.”

“पोरांनी कंटाळा आला म्हणून खरवडलंय. काढून टाक. माझ्याकडे तिच्याच कारखान्याचा दस्ता आहे, शिक्क्यासकट. तो बसव, किंमत दुप्पट होईल.”

डॅरिलला किमतीचं काही पडलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. आयुष्यभर कोळसा उपसलेल्या बापाच्या हातात एकदा तरी निर्दोष वस्तू द्यावी, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यानं जुना दस्ता वेंडेलला देऊन टाकला, वर पैसे मोजले आणि नवा बसवून घेतला. मला ओरडायचं होतं. पण दारूगोळ्याशिवाय आम्हाला आवाज नसतो.

वाढदिवसाला केक झाला, गाणं झालं आणि डॅरिलनं मला वडिलांच्या मांडीवर ठेवलं. एमिलचा अंगठा लाकडावरून गेला. पुन्हा गेला. त्यानं मला उलटं केलं आणि दुसरी बाजू चाचपली.

“क्रूस कुठे गेला?” त्यानं विचारलं.

“कुठला क्रूस, पॉप? ते ओरखडे? आता सगळं बरोबर करून आणलंय मी.”

“ते ओरखडे नव्हते,” एमिल म्हणाला. “ते तुझ्या युरकोकाकाचं होतं.”

तो चिडला नाही. तेवढं सांगून आत जाऊन पडला. त्याच्या कपाटात कधीकाळचं ते पत्र डॅरिलला सापडलं आणि तो गाडी घेऊन वेंडेलच्या घरी धावला. वेंडेल भला माणूस. त्यानं दस्ता लगेच परत दिला आणि एक पैसा घेतला नाही. पण तो नीटनेटका माणूसही होता. खराब वस्तू तशीच पडलेली त्याला बघवत नसे. त्यानं लाकूड घासून, गुळगुळीत करून, तीनदा तेल पाजून ठेवलं होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय!

दस्ता घरी आला तेव्हा मीच त्याला ओळखलं नाही.

डॅरिल दुपारभर गॅरेजमध्ये चाकू घेऊन बसला. दारात चर्चचं कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यावरच्या क्रुसाकडे बघत, जीभ दाताखाली धरून, त्यानं लाकडावर तीन पट्ट्या कोरल्या. पत्रात ‘उलटा’ म्हणजे काय, हे त्याला कळलं नव्हतं. क्रूस डोक्यावर उभा नसावा, एवढंच त्यानं पाहिलं. मग ते लाकूड माझ्यावर चढवलं आणि मला वडिलांच्या पलंगापाशी नेलं.

“सापडला, पॉप. वेंडेलकडेच होता. हात लावून बघा ना.”

एमिलचा अंगठा वरच्या पट्टीवर गेला, मधल्या पट्टीवर गेला आणि खालच्या पट्टीवर थांबला. डावं टोक वर, उजवं खाली. जसं चर्चमध्ये असतं तसं. मी त्याच्या छातीवर होते. आतली धडधड मला समजली.

“आहे ना तोच?” डॅरिलनं वाकून विचारलं.

एमिलनं चाचपडत मुलाचा हात शोधला. “बरोबर आहे,” तो म्हणाला. “अगदी बरोबर आहे.”

डॅरिल लहान मुलासारखा रडला. त्यानंतर पाच रविवार आले. एमिलनं मला मागितलं नाही. सहाव्या रविवारच्या आत तो गेला. अंत्यविधीनंतरच्या जेवणाला डॅरिल सगळ्यांना सांगत होता, की शेवटी वडिलांना त्यांची वस्तू परत मिळाली, ते समाधानानं गेले. लोक त्याची पाठ थोपटत होते. त्याला खरं काय ते कोणी सांगू नये, अशी माझी इच्छा आहे. सांगणारं कोणी उरलंही नाही.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूला तेल द्या, तिचा गंज काढा, तिला ओलीत ठेवू नका. पण तिच्यावरचा ओरखडा पुसण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि हे वाचून दाखवणाऱ्या आजी-आजोबांनो, तुम्हीही कोणी विचारायची वाट बघू नका. तुमच्यापाशी असं काही असेल तर आजच, जेवता जेवता, कोणाला तरी सांगून टाका. एमिलला एक वाक्य बोलायचं होतं आणि त्यासाठी त्याला एकसष्ट वर्षं मिळाली होती.