कोपऱ्यावरचा खोकला

तिसरा घाव बसला तरी बोल्ट तसूभरही हलला नाही, आणि चौथ्यासाठी उचललेली हातोडी त्यानं बायकोच्या नाकासमोर धरली.

“टॉर्च स्थिर धर म्हणालो ना? हात आहे की गवताची काडी?”

तिनं कोपर गाडीच्या कडेला टेकवलं. उजेड स्थिर झाला; ती झाली नाही. सुट्टीची सकाळ होती. घरापुढच्या फरशीवर गाडीचं बॉनेट आ वासून उभं होतं, आणि गोदामावर पन्नास हमालांना धाकात ठेवणारा तिचा नवरा एका गंजक्या बोल्टपुढे हात टेकायला आला होता. अशा वेळी त्याच्या हाताच्या टप्प्यात उभं राहू नये, हे तिला सात वर्षांत पाठ झालं होतं. पण टॉर्च लांबून धरता येत नाही.

बोल्ट अखेर किंचाळत सुटला. मग दुसरा. त्यानं हात खोल घालून मुठीएवढा धातूचा तुकडा बाहेर ओढला आणि तिच्यासमोर नाचवला. तुकड्याच्या तोंडात काजळी इतकी माजली होती की करंगळीसुद्धा आत जाऊ नये.

“हा बघ चोर. बाहेर पडणारा थोडा धूर परत इंजिनात सोडायचा, एवढंच या व्हॉल्व्हचं काम. सोडून झालं की तोंड मिटायचं. पण याला तोंड मिटताच येत नाही. तुझ्यासारखंच.”

कुंपणापलीकडून शेजारचे काका डोकावले. जन्मभर दवाखान्यात कंपाउंडरकी केलेले. जगाकडे पेशंट म्हणूनच बघायचे.

“काय, ऑपरेशन का? पेशंट वाचेल ना?”

नवऱ्याचा चेहरा लगेच उजळला. बाहेरच्यांसाठी त्याच्याकडे एक वेगळा चेहरा होता, धुतलेला, इस्त्रीचा.

“वाचेल की, काका! डॉक्टर घरचाच आहे. नर्स तेवढी झोपाळू मिळालीये.”

हसता हसता, बॉनेटच्या आडोशाला, त्यानं तिचं मनगट धरलं आणि पिळलं. पान्ह्यानं नट आवळावा तसं. पाव फेरा, मग आणखी पाव. तिनं ओठ दातांत धरला.

“पण मला चुकल्यासारखं होईल हं,” काका म्हणाले. “तुमची गाडी कोपऱ्यावर खोकली की मी संध्याकाळची गोळी घेतो. माझं घड्याळच आहे ते.”

“आता दुसरं घड्याळ बघा. आजपासून मांजराच्या पावलानं येईल. कुणाला पत्ता लागणार नाही.”

हे म्हणताना त्यानं काकांकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं.

टॉर्चचा उजेड पुन्हा हलला.

गेलं वर्षभर तो खोकलाच त्या घराचा कैवारी होता. कोपऱ्यावरच्या गतिरोधकाशी गाडी मंदावली की इंजिन अडखळायचं, ढास लागल्यासारखं दोन-तीनदा खोकायचं. तिथून फाटकापर्यंत मिळायचा तो वेळ जेमतेम, दूध वर येऊन उतू जायला लागतो तेवढा. तेवढ्यात ती वेणीचा घट्ट अंबाडा घालायची, कारण वेणी मुठीत धरता येते. कानांतल्या रिंगा काढून डबीत टाकायची, कारण डावी पाळी एकदा फाटून झाली होती. सुरी ओट्याखाली जायची. आणि सासूबाई हातातलं शिवणकाम गुंडाळून, स्टूल ओढून, फडताळाशेजारचा कोपरा अडवून बसायच्या. तो तिला रेटायचा तो त्याच कोपऱ्यात. या सगळ्याबद्दल दोघी एकमेकींशी कधी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. आवाज यायचा, हात चालायचे.

आता तो आवाजच फवाऱ्यानं भिजवून, स्क्रूड्रायव्हरनं खरवडून, काळ्या फेसासारखा वर्तमानपत्रावर ओघळत होता.

खरवडता खरवडता स्क्रूड्रायव्हर निसटला आणि त्याच्या बोटाचं सालटं निघालं. त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, अगदी शांतपणे. मग तिच्या कानशिलात लगावली. टॉर्च गडगडत गाडीखाली गेली. गालावर काजळीची पाचही बोटं उमटली, मोजून घ्यावीत अशी.

आवाज ऐकून सासूबाई दारात आल्या. हातात कुणाची तरी उसवलेली पँट, खांद्यावर दोरा.

“लागलं का रे फार?” त्यांनी लेकाला विचारलं.

थपडेपेक्षा ते वाक्य तिला जास्त झोंबलं.

सासूबाई गाडीपाशी आल्या, आत वाकून बघू लागल्या. त्यांच्या नवऱ्यानं तीस वर्षं ट्रक हाकला होता, आणि त्या ट्रकचे सुटे भाग रॉकेलात धुण्यात यांची तीस वर्षं गेली होती.

“ही रबरी नळी पिकलीये बघ. सगळा खेळ हिच्या श्वासावर असतो. तुझ्या बाबांच्या ट्रकची—”

“बाबांचं पुराण नको. आत जा तू.”

त्या आत गेल्या. बाबांची आठवण म्हणून त्यांच्या डाव्या हाताचं मधलं बोट वाकडं होऊन बसलं होतं. कशानं, ते घरात कुणी विचारत नसे. लेकाला तर विचारायची गरजच नव्हती. तो तेव्हा दारात उभा होता. थोड्या वेळानं आतून टाक्यांच्या लयीत त्यांचं गुणगुणणं ऐकू आलं. शिवताना सुचेल ते जोडत राहायची त्यांना खोड होती:

*धूर निघाला निघाला, वाट चुकून आत आला,*
*पोटी वाढवला ज्याला, त्यानं उंबरा काळा केला.*

दुपारी व्हॉल्व्ह जागी बसला. किल्ली फिरली आणि इंजिन असं सुरू झालं, जसं कधी दुखलंच नव्हतं. एक फेरी मारून येतो म्हणून तो गेला. तिनं गाल धुतला, केसांत उडालेली काजळी काढायला वेणी सोडली, आणि ओट्याशी उभी राहून विंचरू लागली. कान कोपऱ्याकडेच होते. कोपरा गप्प होता.

“कशी वाटली गाडी?”

आवाज तिच्या मानेमागून आला. वळायच्या आत केसांचे दोन वेढे त्याच्या मुठीला बसले होते.

“रोज मी यायच्या आत अंबाडा तयार. साहेब तपासणीला येणार म्हणून शाळा सारवतात तसं घर! मी आंधळा वाटलो काय?” प्रत्येक वाक्यासरशी तिचं कपाळ फडताळाच्या कडेवर आपटत होतं. “आता येईन तेव्हा येईन. बस वाट बघत.”

सासूबाईंचं स्टूल पोहोचलं नाही. त्यांनी त्याची बाही धरली. त्यानं हात झटकला, तशा त्या भिंतीला जाऊन धडकल्या आणि खाली बसल्या. सुनेच्या भुवईतून निघालेलं रक्त ओट्यावर थेंबथेंब गोळा होऊ लागलं.

“चहा टाक,” तो म्हणाला, आणि हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो न्हाणीघरात असताना सासूबाईंनी खुंटीवरची किल्ली घेतली आणि फडकं घेऊन बाहेर पडल्या. गाडी पुसायला. तिनं खिडकीतून पाहिलं आणि तोंड फिरवलं. कमरेला मार बसलाय, धड वाकता येत नाही, तरी लेकाच्या गाडीची काच लखलखली पाहिजे! पोटचं ते पोटचं. भुवईवरची चिकटपट्टी दाबत ती भांड्यांकडे वळली. गाडी गेली तेव्हा तिला कळलंसुद्धा नाही, इतकी मुकाट गेली.

तो दिवस तिनं अंबाडा बांधूनच काढला. रिंगा डबीत. आंघोळीला गेली ती दाराला बादली लावून. दुपारी मांजरानं पन्हाळीवरून उडी मारली तर हातातली ताटली पडून फुटली. एखादा आवाज ऐकून घाबरायची तिला सवय होती. ऐकू न येण्याची नव्हती.

उन्हं कलली. सासूबाई खिडकीशी जाड पिशवी शिवत बसल्या होत्या. आणि कोपऱ्यावर, गतिरोधकाशी, इंजिन खोकलं.

तिला वाटलं, भास. पुन्हा खोकलं. कालपर्यंतच्यापेक्षा जास्त, घशात काही अडकल्यासारखं.

“आई, गाडी...”

“हं.” सासूबाईंनी हातातलं दाभण फडक्याला पुसलं. टोकाचा काळा डाग फडक्यावर उतरला. “पिकलेलं रबर. एक टोचा पुरतो. थंड असताना कळत नाही, तापलं की चीर धरतं. यांच्या ट्रकला मी दोनदा केलं होतं. तुझ्या नवऱ्याच्या जन्माआधी.”

तिचे पाय आपोआप ओट्याकडे वळले, हात सुरीकडे गेला, गॅसकडे गेला.

“गॅस नको लावूस,” सासूबाई म्हणाल्या. “दोनदा केलं, आणि दोन्ही वेळा मी स्वयंपाकच करत बसले. आलेला वेळ पोळ्या लाटण्यात घालवला मी, मुली.”

त्या भिंतीला धरत दारापर्यंत गेल्या. खालची कडी सरकवली. मधली सरकवली.

“काकांना सांगून ठेवलंय. आज गोळी घेऊन झाली की चार माणसं घेऊन फाटकाशी यायचं. पण तोवर दार टिकलं पाहिजे.” त्यांनी वर बघितलं. “आणि वरची माझ्या हाताला येत नाही.”

वरची कडी रंगात चिकटून बसली होती. घर बांधल्यापासून ती कुणी लावलीच नव्हती. तिनं तळव्यानं रेटली, मुठीनं ठोकली. बाहेर खोकला जवळ येत होता. सासूबाईंनी दाराआड टेकवलेली कालची हातोडी उचलून तिच्या हातात दिली.

पहिला घाव निसटला. दुसऱ्याला रंगाची खपली उडून तिच्या डोळ्यात गेली. फाटकाशी इंजिन एकदा ढासलं आणि बंद पडलं.

तिसऱ्या घावाला कडी सरकली.