जुन्या घुबडाचा शेवटचा अंक

"अहो, घुबड मी नाही काढलं," टपालबाई फोनवर तिसऱ्यांदा म्हणाल्या. "मी फक्त फोन घेते."

"मग काढलं कुणी? त्यांना द्या फोन." पलीकडचा माणूस चांगला चाळिशीचा असावा, पण आवाज रडवेला झाला होता. "बत्तीस वर्षं वाचतोय मी तुमची कॉमिक्स. आजारी पडलो तरी उशाशी ते घुबड असायचं. आणि आता हे काय? दोन तिरक्या रेघा आणि एक टिंब! हा लोगो आहे की पंक्चरची पट्टी?"

"तुमचं म्हणणं मी वर कळवते."

"तुम्ही काय कळवणार! घुबडाला हाकललं आणि खरी घुबडं ऑफिसात बसलीत." त्याने फोन आपटला.

टपालबाईंनी 'विरोधात' या रकान्यात एक रेघ ओढली. 'बाजूने' या रकान्यात सकाळपासून चारच रेघा होत्या, आणि त्यातल्या दोन ऑफिसातल्याच लोकांच्या असाव्यात असा त्यांना दाट संशय होता.

प्रत्येक अंकाच्या डाव्या कोपऱ्यात बसणारं ते चष्मेवालं घुबड कंपनीने बारा दिवसांपूर्वी काढून टाकलं, आणि तेव्हापासून हे चाललं होतं. लोक फोन करत, इंटरनेटवर लिहीत. आमचं बालपण पुसलंत. तुमचे हात झडोत. कुणी घुबडाला श्रद्धांजली वाहिली होती, कुणी दंडावर ते गोंदवून घेतलं होतं. टपालबाई सगळं वाचत होत्या. वाचणं हेच त्यांचं सव्वीस वर्षांचं काम होतं.

पूर्वी अंकात 'ताईचं टपाल' नावाचं पान असे. मुलांची पत्रं पोत्याने येत. छापून एकदोनच येत, पण उत्तर प्रत्येकाला जाई, हाताने लिहिलेलं, चार ओळींचं. शेवटी ठरलेलं वाक्य असे, 'काही लागलं तर हक्काने कळव. तुझी ताई.' सहा वर्षांपूर्वी ते पान बंद झालं. तेव्हा तक्रारीची तीन पत्रं आली होती. त्यातलं एक वर्गणीबद्दल होतं.

दुपारी साहेब टेबलाशी आले. साहेब म्हणजे जाहिरात विभागाचे नवे प्रमुख, टपालबाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान.

"मॅडम, चार वाजेपर्यंत आकडा द्या. मजकूर नको, नुसता आकडा."

"लोक फार चिडलेत, साहेब."

"चिडू द्या हो. चिडतायत म्हणजे बोलतायत." साहेब खुशीत होते. "आणि पुढल्या महिन्यापासून हे मोजायचं काम कॉम्प्युटरच करणार. तुमची सुटका."

ती सुटका कसली, हे टपालबाईंनी विचारलं नाही. नोकरीची चार वर्षं उरली होती. घरी कमी ऐकू येणारी थोरली बहीण होती, तिला हे ओरडून सांगावं लागणार होतं, आणि ओरडून सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

साहेब गेले तेवढ्यात खाकी कपड्यांतला एक पन्नाशीचा माणूस दारातून आत आला. आणखी एक, असं म्हणत टपालबाईंनी पेन उचललं.

"ताई कुठे बसतात?" त्याने विचारलं.

"कोण ताई?"

"त्या, मुलांना उत्तरं लिहायच्या."

टपालबाईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "मीच ती. बसा."

तो बसला नाही. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं एक कार्ड काढून त्याने टेबलावर ठेवलं. अक्षर त्यांचंच होतं. 'घुबड चष्मा लावूनच झोपतं. नाहीतर त्याला स्वप्नं अंधुक दिसतील ना! काही लागलं तर हक्काने कळव. तुझी ताई.'

"माझ्या मुलीला आलं होतं. आठ वर्षांची होती तेव्हा. आठवते का तुम्हाला?"

हो म्हणणं सोपं होतं. टपालबाईंनी कार्ड दोनदा वाचलं. "नाही हो. खूप पत्रं यायची."

"खरंय. कशी आठवणार!" तो म्हणाला. "चार वर्षं झाली तिला जाऊन. बारावं वर्ष चालू होतं. ताप डोक्यात गेला."

टपालबाईंनी कार्ड अलगद त्याच्याकडे सरकवलं.

"पेपरवाला दर महिन्याला अंक टाकायचा, तसा टाकत राहिला. त्याला बंद कर म्हणायला तोंडच उघडेना माझं. अंक यायचा, मी तिच्या कपाटात ओळीने लावायचो. उघडला कधीच नाही." त्याने कार्ड पुन्हा पिशवीत घातलं. "लोक तुमच्यावर रागावलेत म्हणे. मी नाही रागावलो. उलट बरं झालं. घुबड गेलं म्हटल्यावर पेपरवाल्याला सांगितलं, बाबा रे, आमचा संच इथे संपला. तेवढं बोलता आलं. पण घुबडाचा शेवटचा अंक त्याच्याकडेच राहिला होता, तो त्याने जास्त पैसे घेऊन दुसऱ्यालाच विकला. मी सगळी दुकानं पालथी घातली, कुठेच मिळेना. मग हे कार्ड आठवलं. यात लिहिलंय ना, हक्काने कळव."

हजारो मुलांना त्यांनी ते वाक्य लिहिलं होतं. लिहिताना कधी एकदाही थांबल्या नव्हत्या.

"थांबा," त्या म्हणाल्या आणि जिना उतरून तळघरातल्या गोदामात गेल्या.

गोदामवाले भाऊ त्यांच्याच वेळचे. ऐकताच त्यांनी हात झटकले. "बाई, त्या अंकासाठी लोक जीव टाकतायत. ऑफिसची प्रतसुद्धा साहेबांनी काचेत लावायला पाठवली."

"परत आलेल्यांत असेल की एखादा."

"आहेत. घुबड जायच्या आधीच परत आलेले, दीडएकशे. पण कापलेले."

विकले न गेलेले अंक परत आले की भाऊ त्यांचा डावा कोपरा कापत, कुणी पुन्हा विकू नयेत म्हणून. घुबड नेमकं त्याच कोपऱ्यात. टपालबाई जमिनीवर बसल्या आणि एकेक गठ्ठा सोडू लागल्या. गुडघे दुखत होते.

भाऊ थोडा वेळ उभे राहून बघत होते. "कुणासाठी एवढं?"

"एका वाचकासाठी."

मग भाऊंनीही एक गठ्ठा ओढून घेतला. सगळे गठ्ठे संपले. प्रत्येक अंकाचा कोपरा तिरका कापलेला होता. त्यातल्या त्यात कोरा दिसणारा एक अंक घेऊन टपालबाई वर आल्या.

"कापलेला आहे," त्यांनी सांगून टाकलं. "घुबड नाहीये यात. याहून बरा नाही मिळाला."

त्याने अंक हातात घेतला नाही. मान वाकवून नुसता बघत राहिला. कोपरा गेला होता तिथून आतलं पान दिसत होतं, एक निळं आभाळ.

"चालेल," तो म्हणाला. "ती कुठे बघायची घुबडाकडे! आधी शेवटचं पान उघडायची. मी ओरडायचो, अगं, पुढून वाच. तर म्हणायची, बाबा, सगळे जिवंत वाचतात की नाही ते कळलं म्हणजे मग भीती नाही वाटत." तो हसला असावा. "यात वाचतात का हो?"

"तुम्हीच बघा ना. बसा इथे, निवांत वाचा."

टपालबाईंनी टेबलावरचे कागद बाजूला सारले आणि अंक त्याच्यासमोर ठेवला. तो खुर्चीवर टेकला, लगेच उठला.

"हात कुठे धुता येतील?"

"कशाला?"

"बसच्या डेपोत काम करतो मी, ब्रेकचं. हात धुतल्याशिवाय ती अंकाला हात लावू द्यायची नाही."

त्यांनी बोळातलं बेसिन दाखवलं. नळ बराच वेळ चालू होता. तो परत आला तेव्हा कोपरापर्यंत ओला होता. टपालबाईंनी रुमाल पुढे केला. त्याने मान हलवली.

"राहू द्या, सुकतील."

दोन्ही हात अंगापासून दूर धरून, बोटं फाकवून, तो टेबलाशी उभा राहिला. नखांच्या कडांना काळं तसंच होतं. टपालबाईंनी पंखा वाढवला.