दोन आटे

आमच्या ह्यांनी जन्मभर सायकली दुरुस्त केल्या, आणि हट्टीपणाचं तर विचारूच नका. स्नायूंच्या आजारानं आधी हात नेले, मग पाय. जीभ जड झाली, तरी माझ्या प्रत्येक कामाला नावं ठेवणं काही सुटलं नाही.

आता आजार श्वासाच्या स्नायूंपर्यंत आला होता. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी प्लास्टिकची एक नळी दिली. आत स्प्रिंग, बाहेर स्क्रू. नळी तोंडात धरायची आणि स्प्रिंगचा जोर मोडून श्वास आत ओढायचा. सकाळी पंधरा, संध्याकाळी पंधरा. ताईंनी काही लपवलं नाही. "काकू, यानं आजार बरा होणार नाही. पण श्वास थोडे दिवस जास्त साथ देईल, अशी आशा आहे."

त्या थोड्या दिवसांसाठी मी वाट्टेल ते केलं असतं. आणि केलं काय, तर खोडा घातला. दहाव्या श्वासाला ह्यांचा चेहरा लालबुंद व्हायचा, मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या. मला बघवेना. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन मी स्क्रू गुपचूप दोन आटे ढिला केला. पंधराच्या पंधरा श्वास सुरळीत झाले.

"बघा, जमायला लागलं," मी म्हणाले. हे नुसते हसले.

पंधरवड्यानं ताई घरी आल्या, नळी हातात घेतली आणि स्क्रूकडे बघतच राहिल्या. मी सगळं कबूल केलं. ह्यांचे इतके दिवस मी वाया घालवले, आणि ह्यांच्याकडे दिवस उधळायला होते कुठे? मला रडू कोसळलं.

ताई रागावल्या नाहीत. "काका दमत होते, तर मला फोन करायचा ना. जोर मीच कमी केला असता. फार दमवूनही चालत नाही." त्यांनी स्क्रू एकच आटा आवळला.

"ढिलं केलंस... त्याच दिवशी... कळलं," खुर्चीतून हे म्हणाले. "हवेचा दाब... मला... कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत? तोंडाला कुलूप लावलं होतं का?"

ह्यांना दम गोळा करायला वेळ लागला. "मी ओढताना... तू श्वास... धरून बसायचीस. ढिलं केल्यावर... तूही... घ्यायला लागलीस."



संध्याकाळी मी नळी ह्यांच्या ओठांपाशी नेली, तर ह्यांनी तोंड फिरवलं.

"आता काय झालं?" मी खेकसले.

"आधी... तू."

मी छाती भरून श्वास घेतला. तेव्हा कुठे ह्यांनी तोंड उघडलं, आणि मी मोजायला लागले.