मी, एकुलती एक कॉपी

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे आणि मला एकदा भर दुपारी फ्रीजरमध्ये कोंबण्यात आले होते, मटारच्या पिशवीशेजारी! हे सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. आता मी फिरत नाही, माझा निळा दिवा लागत नाही, पण म्हणून मी बोलूही नये असे थोडेच आहे? माझ्यावर काय काय प्रसंग गुदरले ते ऐकाच.

माझा जन्म अशा कारखान्यात झाला जिथे धुळीला दाराबाहेरच थांबवतात. तिथली माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली असत. त्यांनी माझ्या पोटात आरशासारख्या लख्ख चकत्या बसवल्या. त्या गरगर फिरतात. त्यांच्यावर एक बारीक दांडी डुलत असते आणि तिच्या टोकाला लिहिणारे, वाचणारे इवलेसे डोके असते. हे डोके चकतीला कधीच टेकत नाही. दोघांमध्ये धुळीचा कणसुद्धा मावणार नाही एवढीच फट असते. चालू असताना टेकले की खेळ खलास! मला जोडणाऱ्या बाईने मला इतक्या अलगद उचलले, की सगळे जग असेच हळुवार असेल असे मला वाटले. काय हा माझा भाबडेपणा!

मी ज्या घरात आले तिथे तीन माणसे होती. आई पोहायला शिकवत असे. तलावाच्या एका टोकाला उभी राहून ती ओरडली, "पाय मार, पाय!" की दुसऱ्या टोकाची मुले दचकून पाय मारू लागत. बाबा सायकलच्या कारखान्यात सुट्या भागांचे गोदाम सांभाळत. कुठला स्क्रू कुठल्या फळीवर, हे ते झोपेतही सांगू शकले असते. एक वस्तू दोन फळ्यांवर दिसली की त्यांचे डोके फिरे, कारण त्यातूनच गोदामात घोटाळे होतात. लेक छोट्या जाहिरातींचे व्हिडिओ बनवत असे आणि मला तिनेच आणले होते.

माझी सुरुवातीची वर्षे मजेत गेली. फोटो आले, बिले आली, लेकीच्या कॉलेजचे प्रोजेक्ट आले. एकदा तिने घाईत मला न सांगता माझी वायर उपटली. मी लिहीत होते हो! माझ्या नोंदी विस्कटल्या, कुठली फाईल कुठे आहे हेच मला समजेना. तेव्हा तिने कॉम्प्युटरवर 'एरर दुरुस्त करा' असे बटण दाबले, मी सगळे पत्ते पुन्हा लावून घेतले आणि गाडी रुळावर आली. "बघा, एका बटणात ठीक झाली," असे ती कौतुकाने म्हणाली. मलाही तेव्हा ते गोड वाटले. त्या बटणावर तिचा केवढा विश्वास बसला, हे मला पुढे कळायचे होते.

मग आईचा घसा दुखू लागला. डॉक्टरांनी सांगितले की स्वरयंत्र काढावे लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. हे ऐकून घरातल्या सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. बाबांनी त्या दिवशी चहात साखरेऐवजी मीठ घातले आणि तो चहा तिघेही तसाच प्यायले.

ऑपरेशनच्या आधी लेकीने एक माइक आणला आणि आई जेवणाच्या टेबलाशी बसून बोलू लागली. सगळ्यांची नावे, "शाबास", "नीट जा", "जेवलीस का?", लहानपणी सांगितलेल्या गोष्टी. नीट झालेले सगळे 'नावे', 'गोष्टी' अशा फोल्डरांमध्ये गेले. चुकलेले, खोकल्याने तुटलेले, मध्येच बेल वाजलेले तुकडे एका वेगळ्या फोल्डरमध्ये गेले. लेकीने त्याला नाव दिले 'फेकायचे', आणि फेकायचे राहूनच गेले. हे सगळे माझ्या चकत्यांवर लिहिले गेले. लेकीने एक कॉपी स्वतःच्या लॅपटॉपवरही ठेवली. मी निश्चिंत झाले.

ऑपरेशन झाले. आई घरी आली ती गळ्याला एक छोटे छिद्र आणि हातात पाटी घेऊन. तिने स्वतःचा आवाज ऐकायला साफ नकार दिला. कोणी विषय काढला तर ती पाटीवर मोठे 'नाही' लिही. वर्षभर मी कपाटात बसून होते.

मग एका रविवारी सकाळी तिने स्वतःहून लिहिले, 'आज ऐकू या.'

घरात केवढी धावपळ! लेकीने मला टेबलावर जोडले. मी गरगर फिरू लागले, दिवा लागला. तेवढ्यात मामा आला. हा आईचा धाकटा भाऊ. पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करण्याचे त्याचे दुकान आहे, आणि दारातून सावकाश आत येणे त्याला माहीतच नाही. "ताई, अगं मला का नाही बोलावलंस?" असे म्हणत तो पुढे झाला, त्याचा पाय माझ्या वायरीत अडकला आणि मी टेबलावरून थेट फरशीवर!

मित्रांनो, मला काळीज नाही, तरी ते धस्स झाले. फिरत असताना पडले होते मी! माझे डोके चकतीवर आपटले. मला उचलून पुन्हा जोडले तेव्हा माझ्या पोटातून फक्त एकच आवाज आला, टक... टक... टक. तो आवाज म्हणजे माझा आक्रोश होता. मला आता बंद करा, हात लावू नका, एवढेच मी सांगत होते. पण ऐकतो कोण?

कॉम्प्युटरने विचारले, 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?' म्हणजे घरातले सगळे सामान बाहेर काढून पाटी कोरी करायची! मी थिजले. लेकीचे बोट 'हो'कडे गेलेसुद्धा. आईने तिच्या हातावर फाडकन चापट मारली म्हणून वाचले. मग लेकीने तिचे ते लाडके बटण दाबले, 'एरर दुरुस्त करा'. अरे देवा! नोंदी विस्कटल्या तेव्हा ते बटण ठीक होते. आता माझे हाड मोडले होते. मोडलेल्या हाडानिशी मला चकतीभर पळवू लागले आणि प्रत्येक फेरीत नवा ओरखडा उठू लागला.

"थांब," मामा म्हणाला. "माझ्या एका गिऱ्हाइकानं सांगितलंय. फ्रीजरमध्ये ठेवायची. गारठली की आतले भाग आकसतात आणि मग चालते."

"मामा, खरंच?"

"अगं, त्याची चालली म्हणे!"

'म्हणे' या एका शब्दावर मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फात टाकले. मटार माझ्याकडे बघत होते, मी मटारांकडे बघत होते. बाहेर काढल्यावर माझ्या अंगाला दव सुटले. ज्या पोटात धुळीचा कण चालत नाही, तिथे ओलावा! मामा मला पुन्हा जोडणार, तोच आईने वायर त्याच्या हातातून हिसकावली आणि पाटीवर लिहिले, 'बास. जाणकार माणूस शोधा.'

असे आम्ही भिंगवाल्या बाईंकडे पोहोचलो. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणे हाच त्यांचा धंदा होता. कपाळावर भिंगाचा चष्मा, टेबलावर काचेची बंद पेटी, आणि फळ्यांवर माझ्यासारख्या कितीतरी. त्यांनी मला जोडलेच नाही. आधी आत काही सुटे वाजते का म्हणून कानाशी धरले, मग विचारले, "पडल्यावर किती वेळा चालू केलीत?"

सगळे मामाकडे बघू लागले आणि मामा छताकडे.

"आजारी माणसाला आधी झोपवतात हो, पळवत नाहीत," बाई म्हणाल्या. रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. "बरं, दुसरी कॉपी आहे ना?"

"आहे की," लेक म्हणाली. "माझ्या लॅपटॉपवर आहे. पण तुम्ही ही पण..."

"ती मी काढली," बाबा म्हणाले.

लेक आ वासून बघत राहिली. "काढली म्हणजे?"

"तू मला लॅपटॉप आवरायला दिला होतास. जागा नाही म्हणालीस. तीच फोल्डरं तिथंही होती, इथंही होती. डबल माल. मला वाटलं..." बाबांनी माझ्याकडे बघितले. "मला वाटलं, एका ठिकाणी नीट असलेलं बरं."

मी सुन्न झाले. म्हणजे वर्षभर कपाटात मी एकटीच होते? मी स्वतःला राखीव समजत होते आणि माझ्या पाठीमागे कोणीच नव्हते! भिंगवाल्या बाईंनी हळूच विचारले, "त्या लॅपटॉपवर नंतर काही भरलंत?"

"माझे व्हिडिओ," लेक पुटपुटली. "काठोकाठ."

"मग तिथलं येणार नाही. पुसलेल्या जागेवर दुसरं लिहिलं गेलं की खालचं गेलं."

आई उठली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. ती बाबांकडे वळली, छाती भरून श्वास घेतला आणि तलावाच्या काठावरून ओरडायची तशी पूर्ण ताकदीने ओरडली. आवाज आलाच नाही. गळ्याच्या छिद्रातून फक्त हवा सुटली, सूं करून. ती स्वतःच दचकली. रागाच्या भरात ती विसरली होती. बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. मित्रांनो, मी पडले तेव्हाही मला एवढा धक्का बसला नव्हता.

मग आईने पाटी पुसली आणि भिंगवाल्या बाईंसाठी लिहिले, 'पुढे काय?'

बाईंनी सांगितले, "माझ्याकडे हिच्याच जातीची दुसरी डिस्क आहे. तिचं डोकं काढून हिला बसवते. पण चकत्यांवर ओरखडे पडलेत. नवं डोकं किती वेळ टिकेल ते सांगता येत नाही. फोल्डरांची नावं आधी वाचून दाखवते, मग तुम्ही सांगा, पहिलं काय काढू. नंतरचं मिळेलच असं नाही."

काचेच्या पेटीत माझे झाकण उघडले गेले. दुसऱ्या कोणाचे तरी डोके माझ्या धडावर बसवले! मी लाजेने मेले असते, पण मरायला सवड नव्हती. बाईंनी मला पुसले, सुकवले, हळूच फिरवले. टकटक थांबली. पडद्यावर नावे उमटली.

"वरून खाली, ओळीनं घ्या," बाबा म्हणाले.

"नाही, 'नावे' आधी घ्या," लेक म्हणाली. "त्यात आई मला हाक मारते."

आईने पाटी उचलली आणि लिहिले, 'फेकायचे'.

सगळे चाट पडले. मीसुद्धा! लेक जवळजवळ ओरडली, "आई, तो कचरा आहे! चुकलेलं आहे सगळं!"

आईने लिहिले, 'नीट झालेल्यात मी नाही. तिथं कुणी बातम्या वाचणारी बाई आहे.'

"पण माझं नाव, आई! एकदाच नीट म्हटलंयस तू."

आईने तिच्या गालावरून हात फिरवला. पाटीवरचा शब्द मात्र पुसला नाही, उलट त्याखाली रेघ ओढली. निवड तिची होती, कारण आवाज तिचा होता.

मी वाचू लागले. जिथे ओरखडा लागे तिथून बाई मला पुढे नेत, मागचे नंतर बघू म्हणत. 'फेकायचे' जवळजवळ सगळे निघाले. मग गोष्टींमधली एक अर्धी आली. मग 'नावे' उघडले, त्यातले मामाचे नाव निघाले, शेजारणीचे निघाले, आणि लेकीच्या नावापाशी पोहोचता पोहोचता ते उसने डोकेही गेले. टक. मला अजून वाईट वाटते. मी तिचे नाव देऊ शकले नाही.

घरी परतल्यावर सगळे बैठकीच्या खोलीत बसले. बाबांनी आधीच तीन कॉप्या करून तीन वेगळ्या घरी ठेवायला दिल्या होत्या. माझी डबी त्यांनी खिडकीशी ठेवली, टाकवत नव्हती म्हणून. लेकीचे डोळे सुजलेले होते. तिने पहिला तुकडा लावला.

"आमच्या लाडक्या..." असे काहीतरी बातम्यांसारखे सुरू झाले आणि मध्येच खोकला आला. मग आईचा खरा आवाज आला, "शी! किती नाटकी बोलतेय मी. हे बंद झालं का गं? नाही? अगं बाई!" आणि मग हसू. ते मोठ्ठे, घोगरे, पोट धरून हसणे, जे वर्षभर घरात कोणी ऐकले नव्हते. पाठोपाठ लेकीला नावाने हाक आली, एकदा नाही, चार-पाच वेळा, स्वच्छ नाही, चिडून, "अगं, ते दार लाव आधी!" लेक हुंदके देत हसत होती. तिचे नाव त्या कचऱ्यात कितीदा होते!

आणि मग अचानक तोच तलावावरचा आवाज खोलीभर घुमला, "अहो! दूध! दूध उतू जातंय!"

बाबा ताडकन उठले. "आलो, आलो!" म्हणत तडक स्वयंपाकघरात गेले. आतून गॅसची बटणे चाचपल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. बराच वेळ गेला, बाबा बाहेर येईनात. तेव्हा आई उठली, आवाजाविना गदगदा हसत आणि डोळे पुसत त्यांना आणायला गेली.

मित्रांनो, माझे काम संपले आहे. तुम्हाला हात जोडून सांगते, जे एकाच जागी आहे ते आजच दुसऱ्या जागीही ठेवा. आमच्या पोटातून टकटक ऐकू आली तर वायर काढा, आणि कोणाच्याही 'म्हणे'वर आम्हाला बर्फात घालू नका. आणि घरातल्या कोणाचा आवाज जपून ठेवत असाल, तर त्याचे बोलून झाल्यावर बंद करायचे बटण थोडे उशिरा दाबा.