अर्ध्या कपाचं माप

कान तुटलेल्या कपात तिने मसुराची डाळ अर्ध्यावर घेतली, बोटाने सपाट केली आणि धुऊन लहान पातेल्यात टाकली. शिजत आल्यावर लसूण आणि चिरलेला पालक घातला आणि शेवटी वरून एक अंडं फोडलं. पंधरा मिनिटं, एक भांडं, खर्च म्हणाल तर नावापुरता. तीस वर्षं वसतिगृहात दोनशे मुलींचं रांधून निवृत्त झालेल्या बाईला हे माप बसवायला मात्र सहा महिने लागले होते. सुरुवातीला मीठ मुठीनेच पडायचं आणि केलेली डाळ चार दिवस पुरायची.

वाडगा घेऊन ती बसते न बसते तोच मुलगा आला. हातात डबा. गेले चार रविवार हा डबा येत होता.

"काल पाहुणे होते, बरंच उरलं. म्हटलं, तुझं भागेल. एकटीसाठी कशाला गॅस पेटवायचा?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकटीसाठी कशाला! शेजारीण तेच म्हणायची, सूनही तेच. जन्मभर दुसऱ्यांची पानं वाढली. आता स्वतःचं एक वाढून घेतलं तर सगळ्यांच्या पोटात दुखायला लागलं. एकट्या माणसाला काय भूक कमी लागते?

"उरलंसुरलं संपवायला बसलेय का मी इथे?" ती म्हणाली. "माणूस एकटं राहिलं की त्याच्या पानात शिळं वाढायचं, हे कुणी शिकवलं तुला?"

समोर वाडगा दिसला म्हणून त्याने चमचा उचलून एक घास घेतला. मग दुसरा. फुंकर घालून तिसरा.

"मस्त झालीय गं. तुझ्या हातचं इतकं गरम मी बहुतेक पहिल्यांदाच खातोय."

"काहीतरीच बोलू नकोस."

"खरंच. संध्याकाळी तू वसतिगृहातला डबा आणायचीस ना? आज काय उरलंय ते उघडून बघायला मजा यायची. एवढ्याशा पोटासाठी कशाला स्टोव्ह पेटवायचा, म्हणायचीस."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच तिला जास्त लागलं. गार भाताचं ढेकूळ बोटांनी फोडत बसलेला सहा वर्षांचा पोरगा तिला दिसला, आणि तोंडाशी आलेलं पुढचं वाक्य तिने गिळलं.

तिने वाडगा त्याच्याकडे सरकवला आणि उठली. कप डाळीत बुडवला. सवयीने अर्ध्यावर थांबली, मग काठोकाठ भरला.

"तो डबा बाजूला ठेव," ती अजूनही घुश्शातच म्हणाली. "आणि बस. पंधरा मिनिटं लागतात."