साक्षीला स्वयंपाकीण

गुरुजी नीलाम्मोन अलेक्झांड्रियात माझ्याच घराच्या मधल्या दालनात ख्रिस्ताचा मार्ग शिकवीत. दालन माझे, आसने माझी, दिव्यांतले तेलही माझे. तरीही प्रवचन संपून प्रभुभोजनाची वेळ झाली की, बाप्तिस्मा न झालेल्यांनी बाहेर जावे, असे सेवक पुकारी आणि मी, एकाहत्तर वर्षांची गृहस्वामिनी, उठून अंगणात जाई. माझी स्वयंपाकीण ताएसिस मात्र आत राही. तिचा बाप्तिस्मा कधीच झाला होता. तीन वर्षे मी हे मुकाट्याने सोसले असे म्हणणार नाही. सोसले, एवढेच खरे.

कारण गुरुजींची शिकवण मला पटली होती. ते म्हणत, बुद्धी ही मोजणीची दोरी आहे. दोरीने नाईलला पूर येत नाही. तो देवाच्या कृपेने येतो. पण पुराने बांध पुसले गेल्यावर जो दोरी फेकून देतो, तो शेजाऱ्याचे शेत आपले समजून नांगरतो.

त्या वर्षी पुनरुत्थानाच्या सणाला माझा बाप्तिस्मा व्हावा, अशी माझी इच्छा होती. माझ्या वयात पुढच्या वर्षाचा भरवसा कोण देणार? रीत अशी की, उमेदवाराचे आचरण पालटले आहे याची कोणीतरी सर्वांसमोर साक्ष द्यावी. मी गलबतांचे मालक दिओस्कोरोस यांना सांगून ठेवले होते. त्यांनी माझ्या घराण्याचे आणि दानधर्माचे सुरेख वर्णन केले. गुरुजींनी ते शांतपणे ऐकले आणि विचारले की, आपण बाईंना सकाळच्या कामाच्या वेळी कधी पाहिले आहे काय? दिओस्कोरोस दुपारपूर्वी कधी आलेच नव्हते. मग ज्याने पाहिले आहे त्यालाच विचारू, असे म्हणून गुरुजींनी ताएसिसला पुढे बोलावले.

सव्वीस वर्षांत त्या बाईला मी अन्नवस्त्र दिले, स्वातंत्र्य दिले. गोड शब्द तेवढा दिला नव्हता.

"मालकीणबाईंना राग येतो का?" गुरुजींनी विचारले.

"येतो की. कालच आला. मासळीत जिरं जास्त झालं म्हणाल्या. झालंही होतं."

दालनात हसू पसरले. गुरुजी हसले नाहीत. "मग बदललं काय?"

तिने पिठाचे हात पुसले. "पूर्वी बोलून झालं की निघून जायच्या. आता परत येतात. दाराशी उभ्या राहतात, बोलत काहीच नाहीत, आणि मग कांदे सोलायला बसतात. फार वाईट सोलतात, गुरुजी. निम्मा कांदा सालीबरोबर जातो. पण बसतात."

हे खरे काय, असे गुरुजींनी मला विचारले. जिऱ्याचे खरे आहे, मी म्हणाले. कांद्याची ही अतिशयोक्ती करते, फार तर पाव जातो. मग मी तिच्याकडे वळले.

"चुकलं माझं, ताएसिस. कालचंही, आणि त्याआधीचंही."

"माहीत आहे मला, बाई," ती म्हणाली. "एवढे कांदे उगाच कोण सोलतं?"

गुरुजींनी लेखनिकाला माझे नाव यादीत घालण्यास सांगितले. साक्षीदार कोण, असे लेखनिकाने विचारताच दिओस्कोरोस सवयीने पुढे सरसावले. मी काठी आडवी धरून त्यांना थांबवले आणि ताएसिसचे नाव, तिच्या आईच्या नावासकट, लेखनिकाकडून माझ्या डोळ्यांदेखत लिहवून घेतले.