वाघर मोठी करताना

रविवारी हॉलमध्ये माझी कोडिंगची शिकवणी भरते, आणि पोरं आली की आबा दिवाणावरून उठून खाली पार्किंगमध्ये जाऊन बसतात. आमचं साताऱ्यातलं घर म्हणजे हा हॉल आणि आतली एक खोली. मेंढरं विकल्यावर आबांना, म्हणजे माझे वडील कोंडीबा यांना, मी म्हसवडहून इथं आणलं. त्यांनी रुळावं एवढंच मला हवं होतं. त्यांचं मात्र एकच पालुपद, "मंगल, गावाकडं कवा सोडतीस?" माझं डोकंच फिरायचं. इथं काय कमी आहे, असं मी फटकन म्हणायचेही.

त्या रविवारी गुडघे धरले होते म्हणून आबा दाराशी खुर्चीवरच थांबले. विषय होता संगणकात माहितीसाठी राखलेली, गरजेप्रमाणे वाढणारी जागांची रांग, म्हणजे डायनॅमिक अ‍ॅरे. पोरांतली मिस्बाह अडून बसली. "मॅडम, जागा भरली तर शेजारी एक जोडायची. सगळं उचलून दुसरीकडं कशाला न्यायचं?"

"मेमरीत शेजारची जागा दुसऱ्या कुणाला दिलेली असेल तर?"

तिला पटेना. मी फळा पुसला आणि त्यावर वाघर काढली.

वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. लहानपणी आम्ही मेंढरं घेऊन सांगलीकडं उतरायचो. खत मिळावं म्हणून शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत. कोकरं वाढली की वाघर अपुरी पडे, आणि कडेला दुसऱ्याचा हरभरा उभा. मग पुढच्या मोकळ्या रानात मोठी वाघर लावायची, एकेक मेंढरू तिकडं घ्यायचं, जुनं रान मालकाला मोकळं करून द्यायचं. आई तेव्हा होती. घोड्यावर बिऱ्हाड लादून ती पुढं चालायची आणि मागं वळून मला हाका मारायची. किती वर्षांत मी हे कुणाशी बोललेच नव्हते.

"नव्या वाघरीत एकाचीच जागा जादा ठेवायची?" मिस्बाहनं विचारलं.

आबाच बोलले, "दुप्पट धरायची, पोरी. एकेका कोकरापायी रोज कोन वाघर हलवंल?"

"बरेचसे अ‍ॅरेही असंच करतात," मी म्हणाले. पोरं हसली. आबा तर असे खुलले, की मला वाटलं, जिंकले.

पोरं गेल्यावर मी म्हणाले, "आबा, आता गावाचं नाव काढू नका. इथंच रमा."

"रमीन की गं," आबा शांतपणे म्हणाले. "पन तुजी शाळा भरली की मी बसायचं कुठं, त्येवडं सांग."

घर घेताना मी नवरा, लेक आणि मी, एवढ्यांचीच जागा धरली होती. मला रडूच कोसळलं.

"आगं, रडतीस काय?" आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "म्हाताऱ्याला लय जागा लागत न्हाई."

पुढच्या रविवारी शिकवणी मी आतल्या खोलीत, आमच्याच पलंगावर भरवली. पोरं दाटीवाटीनं बसली. मधेच मी पाणी प्यायला बाहेर आले, तर आबा हॉलमध्ये दिवाणावर पाय पसरून गाढ झोपले होते.